कडूबाईच्या डंकीचा पडदा

कडूबाईच्या सुनंनं डंकीत मधोमध पडदा लावला, तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली. अहो, मसाला कुटायची जागा ती! पडदा न्हानीला लावावा, दवाखान्यात लावावा. मिरची-धन्याला कसली आलीय लाज?

माझं नाव राहीबाई. खर्ड्यात, किल्ल्याकडं जानाऱ्या रस्त्याला माझं घर. ओसरीवर शिलाईची मशीन हाय, झंपर शिवते. रस्त्याच्या पल्याड, अगदी समोर, कडूबाईची डंकी. टाका घालताना खाली बघायचं, दोरा तोडताना वर बघायचं. तेवढ्यात मला सगळी खबर लागती. लोक म्हनत्यात राहीबाई संशयी हाय. हाय तर हाय! माझ्या डोळ्यांदेखत कुनी कुनाला गंडवून गेलं न्हाई, ते ह्या संशयापायीच.

आता शहरातल्या मान्साला डंकी म्हंजी काय ते सांगायला पायजे. खाली लोखंडी उखळ, वर विजेच्या मोटरीवर धाडधाड पडनारे दांडे. भाजलेली मिरची, धने, खोबरं, दगडफूल त्यात टाकायचं आन उलथन्यानं हलवत ऱ्हायचं. हात सांभाळून. मग चाळायचं, चाळनीवर जाडंभरडं उरलं की ते परत कुटायचं. खाटकन शिंक येती, डोळ्यांतून पानी येतं. तिथं उभं ऱ्हायाला छाती लागती. ती कडूबाईला हाय.

कडूबाई आन मी एकाच साली ह्या गावात नांदायला आलो. तिच्या आधीची भावंडं जगली न्हाईत, म्हनून आईबापानं नाव ठेवलं कडू. पोरगी काळाच्या तोंडी लागू नये म्हनून. पोरगी कुनाच्याच तोंडी लागली न्हाई, उलट हिच्याच तोंडाला लागायला समदे भितात. पन माझ्यावर तिचा जीव. माझं बाळंतपन तिनं केलं, तिचा नवरा गेला तवा तिची चूल मी पेटवली. ती मला राहे म्हनती, मी तिला कडे म्हनते. असं एकेरीत बोलायला आता गावात आमाला दुसरं कोन उरलंय?

लगीन झाल्यावर लई वर्सं ती नवऱ्याबरूबर कोयत्यावर गेली. ऊस तोडायला. आमच्याकडची अर्धी गावं दसरा झाला की टोळीबरूबर जात्यात आन उन्हाळ्याच्या तोंडाला माघारी येत्यात. जाताना पीठ, मीठ आन मसाला घरूनच न्यायचा. एका साली कडूच्या सासूनं जुनंपुरानं खोबरं घालून मसाला केला. उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत, डबा उघडला तर खवट वास. टाकून द्यावा तर दुसरा आनायला सवड न्हाई. पट्टा पडेस्तवर, म्हंजी कारखाना बंद हुईस्तवर, तीच आमटी. पोरगा गोरख तवा लहान. त्यो ताट बघितलं की रडायचा, भाकरी नुसत्या पान्यात बुडवून खायचा. पोरगं वाळून काटकी झालं. "राहे, दिसभर मोळ्या बांधायच्या आन रातीला लेकराला घास जात न्हाई म्हनून रडायचं, लई वंगाळ दिस गं," असं ती मला कितींदा बोललीय.

नवरा गेल्यावर तिनं कोयता टाकला आन डंकी घातली. तिथं एकच कायदा. खवट खोबरं उखळात पडायचं न्हाई.

आन त्यासाठी तिला काय लागायचं? नुसतं नाक! पुडकं सोडायच्या आधीच सांगायची. एकदा चांगुणा, आमच्या वाडीतल्या मुकादमाची बायको, चांगल्या घरची, मोठं पुडकं घेऊन ऐटीत आली. कडूनं तुकडा उचलला, नाकाशी नेला, आन भर बायांत तिच्या अंगावर खेकसली, "हे खोबरं कुत्र्याम्होरं टाक, त्येबी तोंड फिरवंल! घेऊन जा!" चांगुणा लालेलाल झाली. पन दुसऱ्या दिशी नवं खोबरं घेऊन आलीच. जाती कुठं? कडूच्या डंकीवरचा मसाला वर्सभर जाळी धरत न्हाई, हे पंचक्रोशीला ठावं.

मसाला झाला का न्हाई तेबी ती वासावरच सांगायची. चिमूट घ्यायची, डोळे मिटायची. आमचा सगळ्या बायांचा जीव टांगनीला. मग म्हनायची, "झालं." की आमी सुटलो.

पूर्वी डंकीवर काय मजा असायची! ज्या बाईचा मसाला तिनं उखळाला खेटून बसायचं. नजर हलवायची न्हाई. कारन एकीचं चांगलं खोबरं दुसरीच्यात जाईल, एकीची वेलची तिसरी पळवंल, ही भीती. त्यापायी दिसभर बाया गोनपाटावर बसून. लेकरं रडतायत, शिंका चालल्यात, नंबरावरून भांडनं. माझा घाना आधी का तुझा आधी! एकदा दोघी जनींनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या. कडू मधी उलथनं घेऊन उभी. दिस मावळायच्या आत निम्म्या बाया तशाच माघारी जायच्या. काम कमी आन कालवा जास्त, हे खरं. पन समदं डोळ्यांम्होरं हुतं. लपवाछपवी न्हवती.

मग आली निकिता. गोरखची बायको. सुप्याकडची, लग्नाआधी फरसान पॅक करनाऱ्या एका कारखान्यात कामाला हुती. बोलायला गोड. अशी गोड बोलनारी मान्सं बघितली की मी आधी आपली पिशवी सांभाळते.

पयल्या साली ती गप हुती. औंदा भादव्यात कडू तापानं फनफनली. गोरख टेम्पो घेऊन भाड्यावर गेल्ता, सुनंनंच दवाखान्यात नेलं. कडू घरी आली ती निम्मी हून. मी पेज घेऊन गेले तर भिंतीकडं तोंड करून पडलेली. "बरं वाटतं का?" म्हनलं तर नुसतं "हं." आन तिथून म्होरं डंकीचा सगळा कारभार बदलला.

आधी त्यो पडदा. मग पडद्याच्या अलीकडं एक टेबल. त्या टेबलाशी सून. पुडकं घेऊन आलं की ते तिथंच सोडायचं. तिनं बघायचं, मग झाकनाच्या डब्यात भरायचं. डब्याला एका रंगाची चिंधी बांधायची आन त्याच रंगाची चिंधी बाईच्या मनगटाला. "मावशी, घरी जा, कामं उरका. सांगते तेव्हा या, चिंधीला चिंधी जुळवून डबा घेऊन जा." पडद्याच्या आत कुनी यायचं न्हाई. एकीचा घाना झाला की उखळ कोरड्या फडक्यानं पुसायचं, मगच दुसरीचं.

बाया आधी हसल्या. "काय गं, दसऱ्याच्या तोंडाला राखी?" म्हनाल्या. मग बिथरल्या. चांगुणानं तर डब्यात मसाल्याच्या वर बोटानं रेघ ओढली. खळ्यावर धान्याच्या राशीला कुनी हात लावू नये म्हनून राखेची रेघ ओढत्यात ना, तशी! अगं बये, मसाला कुटल्यावर रेघ ऱ्हाईल का? पन संशयापुढं डोकं चालतंय कुठं. तिचं बघून बाकीच्याबी रेघा ओढाय लागल्या.

खरं सांगायचं तर काम सुधारलं. हे मी कुनाम्होरं कबूल केलं न्हाई, पन ओसरीवरून दिसत हुतं. दसरा झाला, टोळ्या निघायची घाई. पूर्वी ह्या दिसांत डंकीवर जत्रा असायची. औंदा बाया पुडकी टाकून जायच्या, बोचकी बांधायच्या, लेकरांना न्हाऊ घालायच्या, सांजच्याला येऊन डबा उचलायच्या. भांडन न्हाई, तंटा न्हाई. एकीचा डबा दुसरीला गेला न्हाई. माघारी कुनी गेलं न्हाई. पन सुधारलं म्हनून मी गप बसू? काम इतकं सुधारायचं तर त्यात पडदा कशाला?

आन मला मग दिसलं. सून टेबलावर पुडकं सोडायची, खोबऱ्याचा एक तुकडा उचलायची आन तोंडात टाकायची! कचाकचा चावायची. पुढलं पुडकं, पुढला तुकडा. परत्येकीचा! मी दोरा तोडायचा सोडून बघतच बसले. अगं चोरटे! एवढी हाव? सासूनं कवा कुनाची मिरी उचलली न्हाई, आन ही दिसाढवळ्या लोकांचं खोबरं खाती!

मी चांगुणाला सांगितलं. सांगायचंच हुतं. चांगुणा म्हनाली, "राहीबाई, खोबरं तर दिसतंय. पडद्याआड काय जातंय ते कुठं दिसतंय? आन सासूला का दडवलीय? बघा तुमी, ही डंकी सून आपल्या नावावर करून घेनार."

हे माझ्या काळजाला लागलं. कारन मलाबी तेच वाटत हुतं. कडू माझ्याकडं च्याला यायची बंद झाल्ती. रस्ता वलांडला की माझी ओसरी, तेवढंबी येईना. एकदा मीच तिच्या घरात शिरले, तर गॅसवर दूध उतू जाऊन करपलेलं. सगळं घर त्या वासानं भरलेलं, माझं डोकं उठलं. आन ही बया गॅसपासून हातभर लांब लसूण सोलत बसलेली!

"कडे, अगं दूध!"

ती दचकून उठली. भांडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. डोळे भरून आल्ते. "ध्यान न्हवतं," म्हनाली.

"ध्यान न्हवतं का ध्यानावर कुनी ठेवत न्हाई? सूनबाईचा लई जाच हाय का? खरं सांग. मी तिचं थोबाड रंगवते."

"न्हाई गं. पोरगी करती ते बरंच हाय. माझं आता वय झालं."

माझं वय झालं! कडूबाईच्या तोंडी हे? जिनं मुकादमाच्या बायकुला कुत्र्याची उपमा दिली ती बाई असं मेंढरावानी बोलती? माझी खात्रीच पटली. पोरीनं हिला दाबलीय. हिचा कारभार काढून घेतलाय. पडद्याआड कडू नुसती नावाला बसती, आन ही लोकांचं खोबरं खात मालकीन हून बसलीय. मला रातभर नीज न्हाई. माझी कडू माझ्या डोळ्यांम्होरं हातातून चाललीय आन मी झंपरं शिवत बसू?

मग मी एक डाव टाकला.

माझ्या फळीवर, डब्यांच्या मागं, गेल्या साली राहून गेलेली खोबऱ्याची वाटी हुती. पिवळी पडलेली. वास असा की मांजर शिंकंल. ती किसली, भाजली, बाकी माल चांगला घेतला, पुडकं बांधलं. म्हनलं, कडू जर खरंच उखळाशी असंल, तर हे खोबरं ती माझ्या तोंडावर फेकंल. खुशाल फेकू दे, मी तिच्या पाया पडंन. न्हाई फेकलं, तर समजायचं कडूचं तिथं काही चालत न्हाई, आन मग भर बायांत त्या पोरीची खोड मोडायची.

टोळीच्या बायांची गर्दी बघून गेले. म्होरं टेबलाशी सून गुतलेली. चांगुणाबी पुडकं घेऊन रांगंत. मी घराला वळसा घालून मागच्या दारानं, परसातून, सरळ आत.

कडू उखळाशी बसली हुती. बसली हुती बरं का! पन कशी? डोळे मिटून, मान तिरपी करून, कान दांड्याकडं. दांडा पडायचा, ती ऐकायची. मग चिमूट घेऊन नाकाशी न्यायच्या ऐवजी बोटांत चोळायची. मला काही उमगंना. मला बघितलं आन तिचं तोंड असं उजळलं, की माझा राग निम्मा उतरला.

"राहे! तू कशी आत?"

"माझा मसाला कुटायचाय. घे."

तिनं पुडकं हातात घेतलं. "टेबलावरून आनलंस का? निकीनं बघितलं का?"

झालं! माझा निम्मा उतरलेला राग परत चढला. "तू हायस की बघायला! आता माझं पुडकंबी तुझ्या सुनंला दाखवायचं व्हय?"

ती घुटमळली. पडद्याकडं बघितलं. मग गाठ सोडली. खोबऱ्याचा कीस हातात घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटले. अगदी पयल्यासारखं. वास माझ्यापत्तोर येत हुता. मी श्वास धरून उभी. फेक गं कडे, फेक माझ्या तोंडावर.

"खमंग हाय," ती म्हनाली. "तुझ्या हाताला लई चव हाय, राहे."

मी पुडकं तिच्याम्होरं सरकवलं. "नीट बघ, कडे."

"बघितलं की. खमंग हाय." आन हसली. ते हसू मला ओळखीचं न्हवतं. असं हसू दुकानदाराच्या तोंडावर असतं, माल खपवताना. माझ्या मनात आलं, हिलाबी आता फिकीर ऱ्हायली न्हाई. हिनंबी सुनंसंगट हात मिळवलाय. मला, राहीला फसवती?

तिनं पुडकं उखळात वतलं आन मोटर चालू केली.

दांडे पडले तशी ती खवट घाण उसळली. सगळी डंकी भरली. मी पदर नाकाला लावला. कडू तशीच बसलेली, मान तिरपी, कान दांड्याकडं, तोंडावर समाधान.

तेवढ्यात पडदा खसकन सरला. निकिता आत आली, पयल्यांदा मोटर बंद केली. मला वाटलं आता ही सासूवर वरडंल. ती वरडली न्हाई. उखळात हात घातला, चिमूट जिभेवर ठेवली, आन तोंड वाकडं करून थुकली. मग माझ्याकडं बघितलं. मला समजलं की तिला समजलं.

कडू आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघत हुती. एकदा हिच्याकडं, एकदा माझ्याकडं.

"काय झालं?" म्हनाली.

निकितानं हात फडक्याला पुसला.

"काय झालं गं? मोटर का थांबवली?" मग आवाज खाली गेला. "राहे, खवट हुतं का?"

हे तिनं इचारलं. कडूबाईनं! मला! त्या भरल्या घाणीत बसून ही बाई मला इचारती, खवट हुतं का? करपलेलं दूध डोळ्यांम्होरं आलं. सुनंचं खोबरं चावनं आलं. भिंतीकडं तोंड करून पडलेली कडू आली. देवा, हिचा वासच गेलाय. तापात गेलाय. जिचं सगळं जगनं त्या एका नाकावर उभं, तिला काहीच येत न्हाई. आन मी तिला पकडायला आले हुते.

पडद्याआड बाया कुजबुजाय लागल्या. वास तिकडंबी गेलाच असनार. चांगुणाचा आवाज आला, "काय गं निकिता, कसली घाण हाय ही? मोटर का बंद केलीस? आत कोन हाय? मी येऊन बघते!"

पडद्याखाली तिच्या चपला दिसल्या. निकिताचा चेहरा पांढराफटक पडला. ती पडद्याकडं धावली, पन तिच्याजवळ सांगायला काय हुतं? कडूनं दोन्ही हात मांडीत दाबून धरले आन खाली बघितलं. जन्मात तिला मी असं खाली बघताना बघितलं न्हवतं.

मग माझं तोंड आपसूक सुटलं. मी असं वरडले की किल्ल्यापत्तोर गेलं असंल.

"अगं बाई बाई बाई, किती बोलशील मला! चुकलं माझं! खोबरं खवट निघालं म्हनून काय भर डंकीत अब्रू काढायची व्हय गं कडे? मोटर बंद करून माझ्या अंगावर येती ही! मी काय परकी हाय?"

पडद्याखालच्या चपला थांबल्या.

मी कडूचा दंड धरला आन हळूच हालवला. बोल. बोल गं माझे बाई. मग कडूबाईनं मान वर केली.

"हे खोबरं कुत्र्याम्होरं टाक!" ती गरजली. आवाज फाटला, पन तोच हुता, पयला. "त्येबी तोंड फिरवंल! ह्याचा वास उखळाला लागला तर टोळीतल्या लेकरांनी काय खायचं सहा महिने? घेऊन जा ते, राहे! परत असलं आनलंस तर उंबऱ्यात पाय ठेवू देनार न्हाई!"

पडद्यापल्याड बाया खदाखदा हसल्या. "मैतरनीलाबी सोडलं न्हाई गं!" चांगुणा म्हनाली. तिच्या आवाजात केवढा आनंद! चपला माघारी फिरल्या.

कडू वरडत हुती आन तिच्या डोळ्यांतून घळाघळा पानी वाहत हुतं. डंकीत डोळ्यांतून पानी आलं तर कुनी कारन इचारत न्हाई. तेवढं बरं हाय.

निकितानं उखळ रिकामं केलं, मीठ घालून घासलं, फडक्यानं पुसलं, पुन्हा घासलं. मग मला मागच्या दारानं परसात नेलं.

"डॉक्टर म्हणाले, वास परत येईल, नाही तर नाहीच," ती म्हनाली. "आत्या आता दांड्याच्या आवाजावर ओळखतात, मसाला बारीक झाला का ते. बोटांना कळतं. पण बायांचा गलका असला की आवाज कळत नाही, म्हणून त्यांना घरी पाठवते. खोबरं तेवढं बोटांना कळत नाही. ते मी चावून बघते." तिनं जीभ दाखवली. सोलून निघालेली, लालभडक. कुनाचं तिखटाचं बोट लागलेलं, कुनाचं खवट, परत्येकीचा तुकडा, सकाळपास्नं सांजपत्तोर. "मला आत्यांसारखं नाक नाही, काकू. मला चावावंच लागतं."

"मला का न्हाई सांगितलं तिनं? मला?"

"त्यांनी ह्यांनासुद्धा सांगितलं नाही. ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुम्हाला सांगायला त्या रस्त्यापर्यंत आल्या होत्या, काकू. तिथूनच माघारी फिरल्या. म्हणाल्या, राहीला कळलं तर ती माझी कीव करंल. बाकी कुणी केली तर चालंल, राहीनं केलेली मला सोसायची नाही."

मग मी म्हनलं, "पोरी, बाया तुला चोरटी म्हनत्यात. मीबी म्हनलंय. मी उद्याच सगळ्यांना गप करते."

तिनं माझा हात घट्ट धरला. "नको! म्हणू द्या. त्या माझ्या तोंडाकडं बघतात तोवर आत्यांच्या नाकाकडं कुणी बघत नाही."

मी त्या पोरीकडं बघत ऱ्हायले. गोड बोलनारी मान्सं मला आवडत न्हाईत, हे मी आधीच सांगितलंय. पन ही गोड बोलत न्हवती.

दुसऱ्या दिशी कडू च्याला आली. रस्ता वलांडून, ओसरीवर, माझ्या मशीनीशेजारी. आमी त्या गोष्टीचं काही बोललो न्हाई. मी च्यात आलं घातलं. तिनं कप नाकाशी नेला, सवयीनं, आन तसाच खाली आनला. मी म्हनलं, "आल्याचा हाय. जरा जास्तच पडलंय." ती म्हनाली, "असू दे." तेवढंच. आन पिऊन ती आपल्या उखळाशी गेली.

सांजच्याला चांगुणा डबा न्यायला आली. टोळी सकाळी निघनार, घाईत हुती. पन मनातलं इचारल्याबिगर तिला गाडीत बसवत न्हवतं. सरळ माझ्या ओसरीवर चढली आन हळू आवाजात म्हनाली, "राहीबाई, तुमची नजर चुकत न्हाई. खरं सांगा. ती सून परत्येकीचं खोबरं का चावती? नुसती खायाला न्हाई, मी बघितलंय. चावती आन इचार करती. काहीतरी गौडबंगाल हाय. म्हातारी पयल्यासारखी बाहेर येऊन वास का घेत न्हाई?"

मी समोर बघितलं. टेबलाशी निकिता उभी हुती, हातात कुनाचं तरी सोडलेलं पुडकं. रस्ता अरुंद, तिला सगळं ऐकू जात हुतं. ती माझ्याकडं बघत हुती. ती चोरटी न्हाई, असं मला म्हनायचं हुतं. देवाशप्पथ, मला त्या पोरीची वटी भरायची हुती, गावाला वरडून सांगायचं हुतं की असली सून सात जन्मात मिळत न्हाई.

"कसलं गौडबंगाल!" मी म्हनलं. "हावरी हाय मेली. खोबऱ्याची चटक लागलीय, दुसरं काय? माहेरी कवा बघितलं नसंल. कडूनं काल मला कशी झाडली ते ऐकलंस ना? म्हातारी आतून खमकी हाय. ही सूनच चोरटी."

"मला वाटलंच!" चांगुणा खूश झाली. "आमी आपलं उगंच म्हातारीवर..." आन डबा घ्यायला रस्ता वलांडून गेली.

निकितानं पुडक्यातला खोबऱ्याचा तुकडा उचलला, तोंडात टाकला, आन चांगुणाच्या देखत, सावकाश, कचाकचा चावला. मग माझ्याकडं बघून मान हालवली, बरं केलं म्हनल्यावानी.

मी खाली मान घातली आन मशीन चालवाय लागले. पाय किती वेळ चालवत हुते कुनास ठावं. सुईत दोराच न्हवता.